हफीजा मॅडमचा सातवा प्रयोग

पूर्णगडच्या खाडीत भरती कधी येणार, हे हफीजा होडेकरला घड्याळ वाचता यायच्या आधीपासून सांगता यायचं. तिचे अब्बा नझीर होडेकर चाळीस वर्षं मच्छीमार होडीवर तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या शब्दावर चालायची. त्यामुळे घरात जेवणाच्या वेळा भरतीवर ठरत, पाहुण्यांना बोलावणं भरती बघून जाई, आणि हफीजाचा जन्मसुद्धा अब्बा 'सुकतीच्या वेळचा', म्हणजे ओहोटीचा, असाच सांगत. मात्र हे घरगुती गणित एक दिवस दिल्लीला पाठवावं लागेल, असं कुणी तिला सांगितलं असतं तर ती हसली असती.

हफीजा गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. महाविद्यालय म्हणजे हायस्कूलच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या. त्यातली एक प्रयोगशाळा. तिच्या खिडकीतून खाडी, जेटी आणि पलीकडची नारळाची रांग दिसते. विज्ञान शाखा सुरू होऊन सहा वर्षं झाली आणि हफीजा पहिल्या दिवसापासून तिथे आहे. ती स्वतः दहावीला होती तेव्हा वर्गात अकरा मुली होत्या. त्यातली विज्ञान शिकायला गेली ती एकटी, कारण रत्नागिरीत खाला, म्हणजे मावशी, असलेली ती एकटीच होती. बाकीच्या दहाजणींत हुशार कोण होतं, हे हफीजाला आजही नावानिशी आठवतं. पहिल्या तिघींत तिचं नाव नव्हतं.

सप्टेंबरात एका दुपारी प्राचार्य बेंडल सरांनी तिला बोलावलं. टेबलावर नुकत्याच छापलेल्या कागदांचा गठ्ठा होता. अकरावी-बारावीसाठी देशभर लागू होणाऱ्या नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा आला होता.

"वाचलात?" सरांनी विचारलं.

"पहिली तीस पानं वाचली. चांगलं लिहिलंय, सर. पाठांतर कमी, करून बघणं जास्त. मला तर आवडलं."

"मग एकतिसावं पान वाचा, म्हणजे आवडणं कमी होईल."

एकतिसाव्या पानावर भौतिकशास्त्राचे बारा सक्तीचे प्रयोग होते. सातव्या प्रयोगाचं नाव होतं 'दीर्घकालीन मापन आणि त्रुटी'. त्यासाठी संगणकाला जोडलेले सेन्सर चार आठवडे अखंड चालू ठेवायचे होते, दर चार विद्यार्थ्यांमागे एक संच. ज्या शाळेत बारापैकी एका जरी प्रयोगाची सोय नसेल, तिथे पुढच्या जूनपासून विज्ञानाचे नवे प्रवेश होणार नव्हते.

"एकतीस मुलं म्हणजे आठ संच," बेंडल सर म्हणाले. "आणि चार आठवडे अखंड. आपल्याकडे वीज सलग चार दिवस राहिली तर केरू नारळ फोडतो."

केरूमामा म्हणजे कॉलेजचे शिपाई. ते दारातच उभे होते. "दोनदा फोडलाय," त्यांनी दुरुस्ती केली.

हफीजा हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर तेजस्वी होती. आतल्या डोंगरातल्या वाडीवरून पहिल्या एसटीने येणारी, अकरावीत सगळ्यात पुढे असणारी मुलगी. तिची धाकटी बहीण यंदा दहावीत होती आणि ताईच्या मागोमाग याच प्रयोगशाळेत यायचं म्हणून आतापासून दिवस मोजत होती. त्या वाडीवरून रत्नागिरी गाठायची तर दोन एसट्या बदलाव्या लागतात आणि परतताना दुसरी मिळत नाही. दहावीच्या वर्गातल्या त्या दहा मुली हफीजाला पुन्हा एकदा नावानिशी आठवल्या.

मसुद्याच्या शेवटी मात्र एक बारीक परिच्छेद होता. कोणत्याही शिक्षकाला एखाद्या प्रयोगाऐवजी दुसरा प्रयोग सुचवता येणार होता. अट एवढीच, की तो महाग साधनांशिवाय करता यावा, त्यातून तेच कौशल्य शिकता यावं, आणि विद्यार्थ्यांनी स्वतः घेतलेल्या किमान दोनशे नोंदी सोबत असाव्यात.

हफीजाने खिडकीतून खाली बघितलं. ओहोटी लागली होती आणि जेटीच्या खांबांना चिकटलेली कालवांची शिंपलं उघडी पडत होती. रोज दोनदा, अखंड, विजेशिवाय चालणारं यंत्र समोरच होतं.

"सर," ती म्हणाली, "केरूमामांना एक लांब बांबू आणायला सांगा."

प्रयोग साधा होता. भरतीची वेळ काढायचा एक नियम किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे. चंद्राची तारीख घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चौथ असेल तर तीन वाजता भरती, आठ असेल तर सहाला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. आता हा नियम किती खरा? मुलांनी तो ऐकून सोडून द्यायचा नाही, मोजून बघायचा. जेटीला सेंटिमीटरच्या खुणा केलेला बांबू बांधायचा, दिवसा येणाऱ्या भरतीला दर पाच मिनिटांनी पाणी वाचायचं, ते सगळ्यात वर कधी पोचलं ते लिहायचं, आणि नियमाने आलेल्या वेळेशी फरक काढायचा. अमावास्या ते अमावास्या, सगळा एक महिना.

हफीजाने नोंदीचा तक्ता बनवला. मुलाचं नाव, चंद्राची तारीख, नियमाने आलेली वेळ, खरी वेळ, फरक. पाच रकाने. मुलांनी आळीपाळीने जायचं ठरलं. केरूमामांनी एकच अट घातली: लाइफ जॅकेट घातल्याशिवाय जेटीवर पाऊल नाही. कोणाला कधी जॅकेट दिलं, हे ते एका जुन्या वहीत टिपून ठेवू लागले.

"आमच्या घरात तीन होड्या आहेत, मामा," लायबा त्यांना म्हणाली. लायबा सोलकर बंदर मोहल्ल्यातली, बोलायला तिखट. "मी जन्मायच्या आधी पोहत होते."

"मग बुडशील तेव्हा आठवण ठेव. सही कर."

महिनाभर कॉलेजचं वेळापत्रक खाडीने ठरवलं. डोंगरातली मुलं पहिल्यांदाच रोज पाण्याकडे बघायला शिकली. बंदरावरची मुलं, ज्यांना खाडीत बघण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं, ती मिनिटामिनिटावरून भांडायला लागली. दोनशे अठ्ठेचाळीस नोंदी झाल्या. फरकाची सरासरी निघाली बावीस मिनिटं. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या नियमाला बावीस मिनिटांचा फरक म्हणजे शाबासकीच होती. हफीजाने सविस्तर टिपण लिहिलं, तक्ते जोडले आणि दिल्लीला पाठवून दिलं.

उत्तर जानेवारीत आलं. समितीच्या वतीने डॉ. रुक्मिणी वारियर नावाच्या बाईंनी लिहिलं होतं. भाषा सभ्य होती, पण मजकूर कठीण. कल्पना उत्तम आहे. मात्र आम्ही सर्व नोंदी आलेखावर मांडल्या, तेव्हा त्यांचे सरळ दोन गट पडले. एका गटात फरक जेमतेम पाच मिनिटांचा, दुसऱ्यात जवळजवळ पन्नास. बावीस मिनिटांचा फरक असलेली नोंद अख्ख्या तक्त्यात एकही नाही. अशा नोंदी विश्वासार्ह मानता येत नाहीत. दहा दिवसांनी शेवटची ऑनलाइन सुनावणी आहे. खुलासा करावा, अथवा प्रस्ताव मागे घ्यावा.

सरासरीच्या पोटात दोन टेकड्या दडलेल्या असू शकतात, हे ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायची. आणि स्वतःच्या नोंदींचा आलेख काढायला तीच विसरली होती.

तिने दुसऱ्या दिवशी वर्गात नोंदी नावांप्रमाणे लावल्या. वर्ग आपोआप दुभंगला. पाच मिनिटांच्या गटात सगळी डोंगरातली मुलं होती. पन्नास मिनिटांच्या गटात सगळी बंदरावरची.

"दर्यावर्दी ना तुम्ही?" मागून गौरव म्हणाला. हा तेजस्वीच्याच वाडीचा. "जन्मायच्या आधी पोहत होतात. घड्याळ नंतर शिकलात वाटतं."

"तुम्ही बांबू बघितलात की घरी बसून आकडे टाकलेत?" लायबा उलटली. "एवढं बरोबर कोणाचं येतं? खाडी काय तुमच्या वाडीला विचारून भरते?"

"मॅडम, हिला सांगा..."

"कोणी कोणाला काही सांगणार नाही," हफीजा म्हणाली. "एकच बांबू, एकच पाणी. चोर शोधण्याआधी चूक शोधायची. बसा."

चूक मात्र सापडेना. बेंडल सरांना वाटलं घड्याळं चुकली असतील. पण सगळे मोबाइल मिनिटाला मिनिट जुळत होते. नोंदी कोणत्या दिवसाच्या, ते बघावं तर तक्त्यात इंग्रजी तारखेचा रकानाच नव्हता. नियमाला फक्त चंद्राची तारीख लागते, म्हणून हफीजाने तो ठेवलाच नव्हता. तीन दिवस गेले. प्रस्ताव मागे घेतल्याचं पत्र बेंडल सरांनी तयार करून ठेवलं. त्यांनी ते तिच्या टेबलावर ठेवलं आणि त्यावर काचेचा पेपरवेट ठेवला, जणू वाऱ्यानेसुद्धा ते तिच्यासमोरून हलू नये.

त्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, तर अब्बा पडवीत आरामखुर्चीत बसून खाडीच्या तोंडाकडे बघत होते. पुतण्या फुजैलची होडी सकाळी बाहेर गेली होती. खाडीच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा आहे. पाणी पुरेसं चढल्याशिवाय होडी त्यावरून आत येत नाही.

"चाँद किती झाला गो आज?" अब्बांनी विचारलं.

"नऊ," चपला काढता काढता ती म्हणाली.

"म्हंजे भरती साडेसातला. फुजैल सातनंतर दिसंल."

हफीजा एक चप्पल हातात धरून तशीच उभी राहिली. नवाची पाऊणपट पावणेसात.

"अब्बा, साडेसात कसे? नवाचे पावणेसात होतात."

"नवाचे कोण सांगितलं? चाँद नि एक. नऊ नि एक दहा, दहाची पाऊणपट साडेसात. लहानपणी होडीत बसून घोकायचीस की. चाँद नि एक, पाऊणपट."

तिला ती ओळ लगेच आठवली. चालीसकट आठवली. पुढे रत्नागिरीला शिकताना तिने हाच नियम पुस्तकी रूपात वाचला होता: तिथीची पाऊणपट. तिथी अमावास्या संपली की मोजायला लागतात. चाँद मात्र आकाशात कोर डोळ्यांनी दिसली की मगच सुरू होतो, म्हणजे एक दिवस उशिरा. म्हणूनच अब्बांच्या नियमात तो 'नि एक' होता. तिने तक्त्यावर दोन्हींना चालेल असा शब्द लिहिला होता, चंद्राची तारीख. तेजस्वीने घरच्या पंचांगातली तिथी लिहिली. लायबाने मशिदीतून कळलेला चाँद लिहिला. दोघींनीही 'नि एक' न मिळवता आपापल्या आकड्याची सरळ पाऊणपट केली. एका दिवसाचा फरक म्हणजे पंचेचाळीस मिनिटं.

मुलं बरोबर होती, सगळीच्या सगळी. चुकला होता तो तक्ता, आणि तक्ता तिचा होता.

साडेसातला फुजैलची होडी जेटीला लागली तेव्हा हफीजा बांबूजवळ उभी होती. पाणी सगळ्यात वरच्या खुणेवर थांबलं होतं.

आता हे सिद्ध कसं करायचं? दिल्लीला नुसतं सांगून भागणार नव्हतं. कोणती नोंद कोणत्या दिवसाची, हे कळायला हवं होतं. सकाळी तिने वर्गात सगळं सांगितलं. चूक आपली आहे, हे आधी सांगितलं. मागच्या बाकावरून गौरव लायबाला म्हणाला, "म्हणजे तुम्ही एक दिवस उशिरा उठता, एवढंच."

"आम्ही बघितल्याशिवाय बोलत नाही, एवढंच," लायबा म्हणाली. पण ती हसली, आणि वर्गही हसला.

तेवढ्यात दारातून केरूमामा म्हणाले, "तारखा हव्यात ना? माझ्याकडे आहेत."

त्यांची जॅकेटची वही. महिन्याचा एकेक दिवस, इंग्रजी तारीख, प्रत्येकाचं नाव आणि सही. लायबाच्या आठही सह्यांपुढे तिने वैतागून मासा काढला होता. दोन दिवसांत मुलांनी सगळ्या नोंदींना तारखा लावल्या आणि नवा तक्ता केला. आता एकाच दिवशी, एकाच पाण्यासमोर, तेजस्वीने सहा लिहिले होते आणि लायबाने पाच. बंदरावरच्या नोंदींत 'नि एक' मिळवला, आणि दोन टेकड्या सरकून एक झाल्या. सरासरी फरक जेमतेम पाच मिनिटं.

सुनावणीच्या दिवशी प्रयोगशाळेतल्या संगणकासमोर हफीजाने तेजस्वी आणि लायबाला आपल्या दोन बाजूंना बसवलं. पडद्यावर सात चेहरे होते. डॉ. वारियर मधोमध, पांढरे केस आखूड कापलेले. हफीजाने हिंदीत सुरुवात केली.

"मॅडम, नोंदींत चूक नव्हती. प्रयोग मांडताना माझ्याकडून चूक झाली. ती मी दुरुस्त केली आहे. पण मला ती लपवायची नाही. मला ती प्रयोगातच ठेवायची आहे."

मग मुलींनी सांगितलं. लायबाने चाँद समजावला, तेजस्वीने तिथी. हिंदी अडली की हफीजा पूल टाकायची. दोन टेकड्यांचा आलेख दाखवला, मग एका टेकडीचा. शेवटी केरूमामांच्या वहीचं पान आलं, त्यावर मासे होते, आणि पडद्यावरचे दोन चेहरे हसले.

डॉ. वारियर हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "आमचा सातवा प्रयोग त्रुटी शिकवण्यासाठी आहे. सेन्सर लावले असते तर ही त्रुटी सापडली असती का?"

"सेन्सरने वेळ बरोबर सांगितली असती," हफीजा म्हणाली. "पण आम्ही त्याला तारीख चुकीची दिली असती, आणि त्याला ते कळलं नसतं."

"मान्य. पण हा देशाचा अभ्यासक्रम आहे. ज्यांच्या गावाला समुद्र नाही, त्यांनी काय करायचं?"

हफीजाने या प्रश्नाचं उत्तर तयार केलं होतं. विहिरी, सावल्या, नदीचं पाणी, अशी यादीच होती. पण ती तोंड उघडायच्या आत तेजस्वी बोलली, मराठीत, कारण घाईत तिला हिंदी सुचेना.

"आमच्या वाडीलापण समुद्र नाही, मॅडम. माझे आजोबा, भागोजी, भाताच्या राखणीला जातात. ते म्हणतात चंद्र रोज दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं, उशिरा उगवतो. मी मोजलं सात दिवस. कधी दोन भरतात, कधी नाही. प्रत्येक गावात कोणीतरी असं काहीतरी सांगतंच. ते खरं किती, एवढंच मोजायचं. आणि चंद्र तर सगळीकडे उगवतो."

हफीजाने एकेक वाक्य हिंदीत सांगितलं. मग डॉ. वारियरनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं. ते लिहिणं बराच वेळ चाललं.

"मुलीचं नाव काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "आणि आजोबांचं?"

एप्रिलच्या अखेरीस अंतिम अभ्यासक्रम आला. बेंडल सरांनी या वेळी छापायची वाटसुद्धा बघितली नाही. जिन्यातूनच हाका मारत वर आले. सातव्या प्रयोगाचं नाव बदललं होतं: 'आपल्या परिसरातील वेळेच्या एका पारंपरिक नियमाची पडताळणी'. साधने: मोजपट्टी, घड्याळ, वही. उदाहरणे दोन: भरतीची वेळ आणि चंद्रोदयाची वेळ. सेन्सर संच 'उपलब्ध असल्यास' या दोन शब्दांमागे गेला होता. आणि सूचना क्रमांक एक अशी होती: प्रत्येक नोंदीसमोर इंग्रजी तारीख लिहावी, तसेच चंद्राची तारीख कोणत्या गणनेप्रमाणे घेतली तेही लिहावं.

"रकाना सहावा आणि सातवा," हफीजा म्हणाली.

बेंडल सरांनी तिच्या टेबलावरच्या पेपरवेटखालचं जुनं पत्र काढलं, शांतपणे चार तुकडे केले आणि खिशात घातले. मग म्हणाले, "केरू, नारळ."

"वीज गेलेली आहे, सर."

"तरीपण."

जूनमध्ये अकरावी विज्ञानाला चव्वेचाळीस प्रवेश झाले, त्यांत सव्वीस मुली. तेजस्वीची धाकटी बहीण पहिल्याच दिवशी पुढच्या बाकावर येऊन बसली. बारावीत गेलेल्या लायबाने नव्या मुलांना जेटीवर कसं उभं राहायचं ते शिकवायची जबाबदारी घेतली, आणि जॅकेटच्या वहीवर सही करायला कोणी का-कू केली की तीच आता म्हणते, "मग बुडशील तेव्हा आठवण ठेव."

अभ्यासक्रम आला त्या संध्याकाळी हफीजाने ते पान घरी आणलं. अब्बांना बारीक अक्षर दिसत नाही. पडवीत बसून तिने त्यांना सातवा प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. खाली टीप होती: किनाऱ्यावरच्या काही समाजांत चंद्रदर्शनापासून दिवस मोजतात, तेथे तारखेत एक मिळवून पाऊणपट करतात.

"हे देशात सगळीकडे शिकवणार?"

"हो, अब्बा. चाँद नि एक."

ओठांतल्या ओठांत अब्बांनी ती ओळ दोनदा म्हटली. मग मान वळवून म्हणाले, "आभाळ असलं, चाँद उशिरा दिसला, तर नि दोन. ते लिवलंय का?"

हफीजाने पान उलटंसुलटं करून बघितलं. ते लिहिलेलं नव्हतं.

ती हसत उठली आणि डॉ. वारियरना कळवायला लॅपटॉप आणायला आत गेली.